घोट्याभर, गुडघाभर

सावखोलच्या खाडीतल्या जंगलाचं वजन घटलंय, ही बातमी दर्शना डोर्लेकरला तिच्या मोबाइलनं दिली, आणि तीही सकाळचा चहा गाळताना. ‘कांदळवन क्षेत्र ११४, सावखोल. मूळ नोंदीच्या तुलनेत घट अकरा टक्के. खाडी-विसावा आदेश पंधरा दिवसांनी लागू.’ संपलं. ना सही, ना शिक्का. यंत्राला सही कशाला लागते म्हणा!

दर्शनानं ते तीनदा वाचलं. चहा ओट्यावरून खाली टपकायला लागला तेव्हा कुठे ती भानावर आली. अकरा टक्के ही काय थट्टा आहे? आणि तीही तिच्या खाडीत? पंचेचाळीस वर्षांची दर्शना तालुक्याची मुख्य मोजणीदार होती. खारव्यांच्या, म्हणजे मासेमारांच्या घरातली, दहावीनंतर शाळा सुटलेली बाई, आणि आज तिच्या गळ्यात वनतोल कक्षाचं निळं कार्ड होतं. सावखोलच्या मूळ नोंदीखाली सही होती, तीसुद्धा तिचीच.

आता हे वनतोल प्रकरण काय ते आधी सांगून टाकायला हवं, नाहीतर पुढचा सगळा चिखल वाचणाऱ्याच्या अंगावर उडायचा.

झाड हवेतला कार्बन घेतं आणि त्याचं लाकूड करतं. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ अर्धा कार्बनच असतो. डोंगरावरच्या जंगलात पान गळलं की कुजतं, आणि त्यातला कार्बन आला तसा हवेत परत जातो. खाडीत तसं होत नाही. तिथल्या चिखलात वीतभर खाली गेलं की प्राणवायू नाही, म्हणून कुजवणारे जीवही फारसे नाहीत. तिवराचं पान, मूळ, फांदी जे काही त्यात गाडलं जातं ते शेकडो वर्षं तसंच पडून राहतं. म्हणून एकरभर कांदळवन डोंगरावरच्या एकरभर जंगलाच्या कित्येक पट कार्बन सांभाळतं. झाडं उभी राहिली तर तो चिखलही जागच्या जागी राहतो. तापत चाललेल्या जगाला राज्यानं शब्द दिला होता की हे जंगल आम्ही घटू देणार नाही.

पण उभं झाड तोलायचं कसं? त्याची युक्ती जुनी आहे. थोडी झाडं एकदा कापून, वजन करून, त्यावरून गणित बसवलेलं असतं : बुंध्याचा घेर एवढा, तर झाडाचं वजन एवढं. घेर मात्र जगात सगळीकडे जमिनीपासून एक मीटर तीस सेंटीमीटरवर मोजायचा, कारण बुंधा खाली जाड आणि वर बारीक असतो. घेर दहा टक्क्यांनी जास्त लागला, तर गणितात वजन पाव हिश्शानं फुगतं.

आठ वर्षांपूर्वी हा घेर हातात टेप घेऊन माणसांनी मोजला होता. ती मूळ नोंद. या वर्षीपासून ते काम वनतोल करत होतं. आभाळातल्या उपग्रहाच्या लांब लहरी पानांतून आरपार जाऊन बुंध्यांवर आपटून परत येत, आणि ओहोटीच्या वेळी एक करडा ड्रोन झाडांमधून हिंडत एकेक बुंध्याचा घेर प्रकाशकिरणानं घेई, बरोबर एक मीटर तीसवर. खाडीवरच्या बायका त्याला ढोकरी म्हणत, कारण तो त्या नावाच्या बगळ्यासारखाच मान काढून चिखलावर टपून असायचा. ढोकरीचा आकडा मूळ नोंदीपेक्षा पाच टक्क्यांनी कमी भरला की यंत्र एकच अर्थ काढी : कुणीतरी तोड केली. मग त्या खाडीला दहा वर्षांचा विसावा. माणसाचं पाऊल पडलं की भोंगा वाजणार.

कायदा वाईट नव्हता. तो झाला तेव्हा दर्शनानं स्वतः टाळ्या वाजवल्या होत्या. चार महिन्यांपूर्वी पलीकडच्या पडवण गावाची खाडी बंद झाली, तिथल्या बायका रडत तिच्याकडे आल्या, तेव्हाही ती म्हणाली होती, “तोडल्याशिवाय घटतं होय? आधी आपल्या गावात बघा.” त्या मुकाट्यानं परत गेल्या होत्या.

आता घोडामैदान तिच्या दारात आलं होतं. सावखोलचे पुरुष महिन्यातले वीस दिवस ट्रॉलरवर, दर्शनाचा नवराही त्यातलाच. खाडी बायकांची. तिसऱ्या, कालवं, चिंबोऱ्या, सगळं त्याच चिखलातून यायचं आणि त्यावर चाळीस घरं उभी होती. दहा वर्षांनी खाडी उघडली तरी चिखलात उतरायला कोणती म्हातारी उरणार होती?

तिनं नकाशा उघडला. घट जिथे जास्त तिथे लाल. सावखोलच्या बायका खाडीला नकाशानं ओळखत नाहीत, पायानं ओळखतात. पाय किती रुततो त्यावरून जागांची नावं पडलेली : घोट्याभर, पोटरीभर, गुडघाभर, आणि त्यापलीकडे जिथे कुणीच जात नाही ते ‘नको गो बाय’. घोट्याभरात नकाशा फिका गुलाबी होता. गुडघाभरात लालभडक.

आणि गुडघाभरात अलीकडे एकच बाई जायची. दर्शनाची सासू, बहात्तर वर्षांची शेवंतीबाई.

शेवंतीबाई मागल्या दारी पाणचुलीत काटक्या सारत बसली होती. त्या काटक्या तिवराच्या होत्या. दर्शनाच्या डोक्यात नको ती जुळणी झाली.

“आये, ह्या काटक्या गुडघाभरातल्या?”

“होय. पाण्यानं आलेल्या. सुक्या. का गो?”

“नुसत्या काटक्याच ना?”

म्हातारीनं मान वर केली. “म्हणजे गो काय?”

“अकरा टक्के घट आलीय खाडीत. सगळ्यात जास्त तुमच्या जागी. कुणी बुंधे तोडल्याशिवाय...”

“माझ्या हातात कोयता बघितलास कधी? तिसऱ्या मी पायानं शोधतंय, हातानं काढतंय. कोयता कशाला नेऊ, माझं कपाळ फोडायला?”

“यंत्र खोटं बोलत नाही, आये.”

“बरं,” शेवंतीबाई शांतपणे म्हणाली. “मग सासू खोटं बोलते.”

त्या दिवसापासून तिनं सुनेच्या हातचा चहा बंद केला. आपला आपण करून मागल्या दारी एकटीच पिऊ लागली. एकवेळ सासूच्या शिव्या परवडल्या, पण अबोला नको. पण तिचा पीळही काही कमी नव्हता. तोडलेलं झाड मागे खुंट ठेवतं. तो खुंट शोधायचा आणि काय ते एकदाचं समोर आणायचं, असं ठरवून तिसऱ्या दिवशी ओहोटी लागताच ती गुडघाभरात उतरली.

बरोबर तिची नवी मोजकाठी होती. एक मीटर तीसची, खाली ताटलीएवढी चकती बसवलेली, म्हणजे काठी चिखलात रुतत नाही. मूळ मोजणीसाठी आखलेल्या नमुन्याच्या चौकोनात पंचवीस झाडं असायला हवीत. तिनं मोजली. पंचवीस. पुन्हा मोजली. पंचवीसच! वर आलेल्या श्वासमुळांमधून हातानं चाचपत तिनं अख्खा चौकोन पालथा घातला. एक खुंट नाही. कोयत्याचा एक घाव नाही.

“मग गेलं कुठं वजन?” ती झाडालाच विचारायला लागली.

झाडाच्या बुंध्यात नारिंगी दोरा होता. सालीत रुतलेला, पण रंग शाबूत. दर्शनाला हसू आलं. सावखोलात प्रत्येक घराच्या जाळ्याला ठरलेल्या रंगाचा नायलॉन दोरा असतो, समुद्रात जाळी एकमेकांत गुंतली तर कुणाचं कुठलं ते कळावं म्हणून. डोर्लेकरांचा नारिंगी. शेजारच्या हमिदा सोलकरचा हिरवा. आठ वर्षांपूर्वी मोजणीला अकरा बायका होत्या. प्रत्येकीनं घेर मोजला की तिथेच, टेपच्या जागी, आपल्या घरचा दोरा घसरणार नाही असा बांधला होता. नियमात असलं काही नव्हतं. एक झाड दोनदा मोजलं जाऊ नये, आणि खरं सांगायचं तर हमिदा ‘माझी चाळीस झाली’ म्हणाली की खरंच झाली का ते बघता यावं, एवढ्यासाठीच.

दोरा दर्शनाच्या बरोबर छातीसमोर होता. म्हणजे जागा बरोबर. तिनं सवयीनं मोजकाठी बुंध्याला लावली. काठीचं टोक दोऱ्याच्या कितीतरी वर गेलं.

तिनं काठी काढली, पुन्हा लावली. दोरा त्र्याहत्तर सेंटीमीटरवर होता.

ती खाली बघू लागली. तिचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलात होते. आठ वर्षांपूर्वीही तसेच असणार. या जागेचं नावच ते होतं!

आणि मग तिला ती काठी आठवली. पहिली काठी, साध्या लाकडाची, प्रशिक्षणात मिळालेली. मोजणीच्या दुसऱ्याच दिवशी शेवंतीबाई ‘नको गो बाय’च्या कडेला मांडीपर्यंत रुतली होती. दर्शनानं काठी पुढे केली, सगळा जोर लावून सासूला ओढलं, आणि म्हातारी बाहेर आली ती काठीचे दोन तुकडे करूनच. नवी काठी यायला आठवडा लागला असता. उधाणाची ओहोटी कुणासाठी थांबते? बायका टेप धरून उभ्या होत्या. तेव्हा दर्शना म्हणाली होती, “छातीच्या उंचीवर धरा गो. तेवढंच होतं.”

तेवढंच व्हायचं कुणाचं? प्रशिक्षणाचे सर सहा फुटी, आणि उभे होते हॉलच्या फरशीवर. काठी त्यांच्या छातीला लागायची, म्हणून या मापाला सगळे ‘छातीच्या उंचीचा घेर’ म्हणायचे. सावखोलच्या बायका पाच फुटांच्या आतबाहेर, आणि उभ्या कुठे, तर चिखलात. बाई आधीच बुटकी, त्यात रुतलेली. टेप खाली, जाड बुंध्यावर लागला. घेर फुगला, गणितात वजन त्याहून फुगलं. जिथे चिखल खोल, तिथे चूक मोठी. म्हणून घोट्याभरात गुलाबी आणि गुडघाभरात लाल.

जंगल घटलं नव्हतंच. मूळ आकडाच खोटा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

आनंद झाला तो क्षणभर. मग तिला आपली सही आठवली. मूळ नोंदीच्या प्रत्येक ओळीत एक रकाना होता : ‘एक मीटर तीसवर मोजले, होय किंवा नाही.’ तिनं तीनशे वेळा होय लिहिलं होतं. खोटं लिहितोय असं वाटलंही नव्हतं. आणि ते काम इतकं वाखाणलं गेलं, की पुढच्या वर्षी आणखी सहा गावांत तिलाच शिकवायला पाठवलं. तिथे तिनं सावखोलसारखेच दोरे बांधायला शिकवलं होतं, आणि काठ्या बाजूला ठेवायला लावल्या होत्या. “चिखलात काठी रुतते गो, छातीच्या उंचीवर धरा.” त्या सहांतलं पहिलं गाव पडवण होतं.

‘तोडल्याशिवाय घटतं होय?’ तिला तिचाच आवाज ऐकू आला आणि लाजेनं तिचे कान तापले.

ती चिखलानं भरलेल्या पायांनीच मागल्या दारी गेली. शेवंतीबाई चहा पीत होती.

“आये, मी चुकले. तुमच्यावर आळ घेतला. झाडं सगळी जागेवर आहेत.”

“ते मला ठाऊक होतं,” म्हातारी म्हणाली.

मग दर्शनानं सगळं सांगितलं, काठीपासून. शेवंतीबाई उठली, पडवीच्या कोपऱ्यातून एक लाकूड घेऊन आली. वर पितळी टोपण, अंगावर आकड्यांच्या रेघा, खाली तुटलेलं टोक. मोडक्या काठीचा वरचा तुकडा!

“हे तुम्ही ठेवलंत?”

“चिंबोऱ्या बिळातनं काढायला बरं पडतं. आणि फेकू कशी गो? ही काठी नसती तर मी तिथेच राहिले असते.” तिनं तुटलेल्या टोकावरून बोट फिरवलं. “मोडली ती माझ्यापायी. मग चूक एकट्या तुझी कशी?”

“सही माझी आहे, आये.”

“हां. सही तुझी आहे,” म्हातारीनं मान डोलावली. उगाच गोड बोलायची तिला सवयच नव्हती. “घे, चहा घे. पाय धू आधी.”

संध्याकाळी हमिदा आली. पन्नाशीची, ठणठणीत आवाजाची, दर्शनाची लहानपणापासूनची नसली तरी चिखलातली मैत्रीण. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हात झटकले.

“एवढंच ना? आमच्यावर ढकल. म्हण, बायकांनी चुकीचं मोजलं, मला काय माहीत. आमचं काय वाकडं करणार ते? आमच्याकडे कार्ड थोडंच आहे काढून घ्यायला?”

“नियम आहे हमिदा. मोजायची पद्धत खोटी लिहिली, तर कार्ड कायमचं जातं.”

“म्हणून तर सांगतेय येडे! तुझं कार्ड म्हणजे आमचीपण इज्जत आहे. किती मेहनत केलीस त्याच्यासाठी.”

दर्शनाला मोह झाला नाही असं कुणी म्हणू नये. झाला, चांगला झाला. ते कार्ड पहिल्यांदा गळ्यात घातलं तेव्हा ती आरशासमोर अर्धा तास उभी होती. पण बायकांवर ढकलायचं म्हणजे पडवणच्या बायकांवरही ढकलायचं, आणि त्या आधीच चोर ठरून घरात बसल्या होत्या, तेही तिच्या तोंडच्या एका वाक्यानं.

“नाही,” ती म्हणाली. “मी सांगणार. पण नुसतं चुकले म्हणून भागायचं नाही. यंत्राला रडणं कळत नाही, आकडा कळतो. आपण आकडा देऊ.”

“कुठनं आणणार आकडा?”

“तुझ्या हिरव्या दोऱ्यातनं.”

हमिदानं भुवया वर केल्या. “अगं, झाड वाढलं म्हणजे दोरा वर गेला असेल ना?”

“नाही गो. झाड उंच होतं ते शेंड्याला. बुंधा फक्त जाड होतो. बुंध्याला आज खिळा मारलास तर तुझ्या पणतीलाही तो तिथेच सापडेल. दोरा जिथे बांधला तिथेच आहे. तेव्हा जिथे मोजलं, बरोबर तिथेच आज मोजायचं. घेर कमी भरला तर जंगल घटलं. जास्त भरला तर वाढलं. मग उंचीचा वादच नाही.”

हमिदानं बोटांवर काहीतरी हिशेब केला. “आणि मी तेव्हा चाळीस म्हणून सदतीसच मोजली होती, तेही कळणार म्हण.”

“ते मला तेव्हाच माहीत होतं.”

बारा दिवस होते हातात. अकरा बायकांपैकी नऊ आल्या. एक मुलीकडे पनवेलला गेली होती आणि सुमती नाटेकर तीन वर्षांपूर्वी वारली होती. तिचे जांभळे दोरे तिच्या सुनेनं शोधले. रोज ओहोटी पुढे सरकायची, तसं कामही सरकायचं. बायका भाकरी बांधून कधी पहाटे निघत, कधी भर दुपारी. प्रत्येक झाडाशी चार आकडे : दोऱ्याची उंची, दोऱ्याजवळचा घेर, एक मीटर तीसवरचा घेर, आणि ज्या बाईचा दोरा तिचे पाय किती रुततात ते. डोक्यावर ढोकरी घिरट्या घालायची. हमिदा तिला टेप दाखवून म्हणायची, “बघ, बघ. शिक जरा.”

तीनशेपैकी दोनशे चौदा झाडांवर दोरे सापडले. मोजणी संपली त्या रात्री दर्शनानं गणित मांडलं. दोनशे पाच झाडांचा घेर वाढला होता. आठ वर्षांत सावखोलचं जंगल सहा टक्क्यांनी भारी झालं होतं! त्याच रात्री तिनं वनतोल कक्षाकडे अर्ज पाठवला.

चौदाव्या दिवशी वनतोल कक्षाचे निखाडे साहेब आले. चंद्रपूरकडचे, तिशीतले, उंचेपुरे, आणि बोलायला सरळ.

“डोर्लेकर मॅडम, तुमच्या अर्जाचं पहिलं पान वाचलं. पण ड्रोनची चूक असण्याची शक्यता फार कमी आहे हो.”

“ड्रोन चुकला नाही साहेब. मी चुकले. तुम्ही बूट काढा.”

“काय?”

“बूट काढा आणि माझ्याबरोबर चला. कार्यालयात हे कळायचं नाही. कार्यालयात फरशी आहे.”

साहेबांनी एकदा खाडीकडे पाहिलं, एकदा काठावर ओळीनं उभ्या असलेल्या बायकांकडे, आणि पँट दुमडली. गुडघाभरात पोहोचेपर्यंत ते दोनदा बसले. हमिदानं तोंडाला पदर लावला. नारिंगी दोऱ्याच्या झाडाशी दर्शना थांबली.

“टेप धरा. छातीच्या उंचीवर.”

त्यांनी धरला. दर्शनानं चकतीची मोजकाठी शेजारी टेकवली. “वाचा.”

“पंच्याण्णव,” साहेब म्हणाले. त्यांनी खाली आपल्या बुडालेल्या पायांकडे पाहिलं.

“तुम्ही उंच म्हणून पंच्याण्णव. माझा दोरा तो बघा, त्र्याहत्तर. आणि कागदावर दोघांचंही एक मीटर तीस.”

“आठ वर्षांत गाळ साचून चिखल वर आला असेल. म्हणून दोरा खाली दिसत असेल,” ते म्हणाले. माणूस हुशार होता.

“आलाय ना. तीन सेंटीमीटर. तिकडे गाळ मोजायचा खांब आहे तुमचाच. तीन मिळवा, शहात्तर धरा. एकशेतीस कुठे?”

साहेबांनी तिची वही चिखलात उभ्यानंच वाचली, शेवटच्या पानापर्यंत. मग म्हणाले, “दोऱ्याजवळचा घेर पुरेसा आहे. सावखोलचा आदेश मी आजच थांबवतो. पण मॅडम, हे लेखी दिलंत, तर नियम नऊ लागतो, कार्ड परत घ्यावं लागतं. माझ्या हातात काही राहत नाही.”

“लेखी अर्जाच्या मागेच आहे. दुसरं पान बघा. सहा गावांची नावं पण आहेत, मी शिकवलेल्या.”

“सहा गावांचं तुम्ही लिहिलं नसतं, तर कुणाला कळलंही नसतं.”

“यंत्र एकेक करून बंद करत गेलं असतं, आणि गावागावात बायका एकमेकींवर आळ घेत बसल्या असत्या. माझ्या घरात एक घेऊन झालाय साहेब. पुरे झालं.”

तिनं गळ्यातलं निळं कार्ड काढलं. त्यांच्या दोन्ही हातांना चिखल होता, म्हणून तिनंच ते त्यांच्या खिशात ठेवलं. डोळे भरून आले ते तिनं लपवले नाहीत. शेवंतीबाई काठावरून ओरडली, “आता या गो वर, पाणी भरायला लागलं!”

दहा दिवसांनी निखाडे साहेबांचा निरोप आला. पडवणच्या खाडीत एक दिवस उतरायची परवानगी मिळाली होती. मोजणीदार म्हणून दुसरं कुणी येणार होतं, दर्शनाचं नाव होतं ते ‘साक्षीदार’ म्हणून. ती निघाली तेव्हा शेवंतीबाई पायरीवर आधीच तयार बसली होती, काखेत मोडक्या काठीचा तुकडा.

“तुम्ही कुठे आये? होडीचा प्रवास आहे.”

“काठी मोडली त्याची साक्ष कोण देणार? तू तर ओढत होतीस. मोडताना मी बघितली.”

पडवणच्या काठावर नवा मोजणीदार वही उघडून बसला होता, आणि वीसेक बायका उभ्या होत्या. पाच महिने चिखल न लागलेले त्यांचे पाय पांढरट दिसत होते. कुणी या म्हटलं नाही. पुढे उभी असलेली थोराड बाई इंदिरा पावसकर, तेव्हा रडत दर्शनाच्या दारी आलेल्यांतली.

“ह्या खाडीपायी मी सख्ख्या जावेशी बोलत नाय,” इंदिरा म्हणाली. “तिनंच तोडलं म्हणून गावात सांगत फिरले. तू म्हणाली होतीस, आधी आपल्या गावात बघा.”

“म्हणाले होते,” दर्शना म्हणाली. “चूक माझी होती. कुणी काही तोडलेलं नाही. तुम्हाला मोजायला मीच चुकीचं शिकवलं. हे तुमच्या तोंडावर सांगायला आले, आणि खाडी मोकळी करून घ्यायला आले. दोरे बांधले होते ना, मी सांगितलं होतं तसे?”

खाडीत ओहोटीचं पाणी उतरत होतं. मग मागून एक बारीकशी बाई पुढे आली आणि इंदिराकडे न बघता म्हणाली, “आमच्या घरचा निळा. हिचा नि माझा एकच.”

इंदिरानं जावेकडे पाहिलं. लुगडं वर खोचलं. भोंगा वाजतो का ते बघायलाही ती थांबली नाही. तिनं चिखलात पाय टाकला, तो पोटरीपर्यंत गेला, आणि मागे हात करून ती जावेला म्हणाली, “ये. इथनं ये, तिकडे खोल आहे.”

दर्शनानं मोजकाठी उचलली आणि दोघींच्या मागोमाग उतरली.